शिकाऊ सुयांचा रबरी कान

“कान टोचून कुणाची कंबरदुखी गेलीय का हो?” असं मोठे डॉक्टर म्हणाले आणि सगळी खोली हसली. मित्रांनो, त्याला वर्षं झाली, पण तो आवाज मी विसरलो नाही. मी एक जुना रबरी कान आहे. मला रक्त नाही, पण राग आहे.

साच्यातून निघालो तेव्हा तळहाताएवढा, गुलाबी होतो. अंगभर बारीक ठिपके. सुई कुठं टोचायची ते दाखवणारे. सुया टोचायला शिकवणाऱ्या सिस्टरच्या पिशवीत, तिच्या डब्याशेजारी बसून मी एकाच संस्थेची बावीस रुग्णालयं फिरलो. नव्या परिचारिका माझ्यावर हात बसवत. “टोच गं, हा काही रडत नाही!” सिस्टर म्हणायची. हात घसरले, मी हललो नाही. सुया वाकल्या, मी वाकलो नाही.

मग मोठ्या डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर सिस्टरचा हा सुयांचा वर्ग बंद पडला. वर्षभर फाटक्या हातमोज्यांखाली पडून होतो. सिस्टर भांडली, तेव्हा वर्ग आजमावायला तीन महिने मिळाले. दुखणं कमी झाल्याचे आकडे आले तर वर्ग पुन्हा सगळीकडे, नाहीतर कायमचा बंद.

रीत साधी होती. कंबर दुखणाऱ्यानं गोळ्या चालूच ठेवायच्या. कानात एक सुई, मग दारापर्यंत चालून यायचं आणि दहापैकी किती दुखतंय ते सांगायचं. आकडे सुरेख येऊ लागले. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका तर रोज “दोन!” म्हणत. एकदा सिस्टरनं त्यांना बाहेर भिंत धरून चालताना पाहिलं. तिला वाईट वाटू नये म्हणून सगळे कमी सांगत होते!

“असू द्या की ताई, वर्ग तर वाचतोय,” एक परिचारिका कुजबुजली.

“खोट्यावर वाचण्यापेक्षा बुडालेला बरा.” सिस्टरनं आकड्यांचा कागद फाडला आणि मोठ्या डॉक्टरांनाच बोलावलं. “आता तुमच्यासमोर विचारते.”

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. रबर आहे, झिजेन. पण दुखणाऱ्याला खरं बोलू द्या, आणि ते ऐकायची हिंमत ठेवा.

काका कानात सुई टोचून घेऊन दारापर्यंत गेले, परत आले.

“दोन कधीच नव्हतं, ताई. आलो तेव्हा आठ, आत्ता पाच. पण हे तीन कमी झालेत, ते खरे आहेत. डॉक्टरसाहेब, वर्ग बंद करून बघा, दारात गाडी आडवी लावीन!”