मोनिकासाठी उचललेला भंडारा

मित्रांनो, मी एक म्हातारी मेंढी आहे. हसू नका, त्याआधी मी मुलगी होते. न्हावऱ्याच्या गेणबाची थोरली लेक, हर्षदा.

माझी आई लवकर गेली. आप्पांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा नव्या आईचा पदर धरून मोनिका आमच्या घरी आली. लोक तिला माझी सावत्र बहीण म्हणत. मी मात्र भाकरीचा पापुद्रा आधी तिला द्यायचे.

आमच्या काळ्या मेंढ्यांत बिरोबाच्या नावानं सोडलेली एक पांढरी मेंढी होती. तिला कात्री लावणारा स्वतःच मेंढी होतो, असं आप्पा सांगत. पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये मोनिकाला म्हातारीचं काम मिळालं आणि तिला पांढरे केस हवे होते. तिनं गुपचूप कात्री लावली.

आप्पांनी आम्हा दोघींना देवासमोर उभं केलं. "कुणी कातरली? भंडारा उचलून सांगा."

मोनिकानं माझा परकर घट्ट धरला. मी चिमूटभर भंडारा उचलला आणि म्हणाले, "म्या कातरली, आप्पा."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मी चार पायांवर उभी होते. हे फक्त मोनिकानं पाहिलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली. "ताई, येत्या दसऱ्याला म्या भंडारा उचलून खरं सांगते. मंग देव तुला सोडतोय बघ."

दसरा आला. मोनिका नवा फ्रॉक घालून आईच्या मागं उभी राहिली. पुढच्या वर्षी ती म्हणाली, "आप्पा मारत्याल गं." त्याच्या पुढच्या वर्षी ती सोनं वाटायला निघून गेली.

मी मार चुकवायला पळून गेले असं समजून आप्पा मला गावोगावच्या बाजारांत शोधत फिरले. दमून आले की माझीच पाठ खाजवत म्हणायचे, "माझी हर्षू कुठं आसंल गं?" मी जीव तोडून ओरडायचे. मोनिका तिथंच बसून वेणी घालायची.

तिच्या लग्नासाठी माझ्या लोकरीची घोंगडी विणायची ठरली. कातरताना तिनंच मला धरलं होतं. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "गप उभी ऱ्हा, ताई." मित्रांनो, ती मला विसरली असती तर मी माफ केलं असतं. तिच्या सगळं लक्षात होतं. मांडवात सगळ्यांनी घोंगडीचं मात्र फार कौतुक केलं.

आता कालव्याचं पाणी आलंय. आप्पा ऊस लावणार आहेत आणि मेंढ्या विकणार आहेत. उद्या आठवा दसरा. मोनिका मांडवगणहून माहेरी आली आहे. मघाशी तिनं माझ्यापुढं पाला टाकला, पण मान वर केली नाही.

मुक्या जनावरांना जीव लावा, मित्रांनो. आणि तुमची चूक कुणी आपल्या अंगावर घेतली असेल, तर त्याला ताटकळत ठेवू नका. तुमच्यापैकी कुणी मोनिकाला ओळखत असेल, तर तिला एवढंच सांगा, की तिची ताई अजून रागावलेली नाही, आणि खाटकाचा टेम्पो परवा सकाळी येणार आहे.