झाकणाएवढी लेन्स

"हनुवटी वर. एवढी नको हो, छताला जळमटं आहेत ते आम्हाला माहीत आहे."

स्टुलावरचा माणूस ओशाळून हसला. काकूंनी दोन बोटांनी त्याची हनुवटी बेताने खाली आणली, खांदे दाबले, कॉलर सारखी केली आणि बाजूला होत म्हणाल्या, "हं, आता श्वास धरा." काकांनी बटण दाबलं. माणूस ओळखपत्रावर शोभेल इतका निर्जीव आला आणि काम फत्ते झालं.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या एका खोलीच्या स्टुडिओत काकूंनी अर्ध्या गावाच्या हनुवट्या सरळ केल्या होत्या. त्यामुळे काका फोटोकाका आणि त्या हनुवटीकाकू. गिऱ्हाइकाला हसू न देणारी ही बाई स्वतः मात्र दिवसभर हसायची. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की त्याची नक्कल करायची, आणि काकांचा विसरभोळेपणा हे तर तिचं हक्काचं कुरण होतं. तिचं हसू आधी डाव्या गालात यायचं, तिथे जरा घुटमळायचं आणि मग सगळ्या चेहऱ्यावर पसरायचं. काकांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यांनी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी तो माणूस गेल्यावर त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि दोघं इस्पितळात गेले. काकूंच्या डाव्या कानाखाली गाठ आली होती. दुखत नव्हती, पण चष्म्याची काडी तिथे टोचायची, म्हणून काकू हल्ली चष्म्याशिवायच वावरत होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"गाठ साधी आहे, पण काढावी लागेल. चेहरा हलवणारी नस तिच्यातूनच गेलीय. ती वाचवायचा सगळा प्रयत्न करू. तरी डावी बाजू ढिली पडू शकते, हे आधीच सांगते."

"म्हणजे तोंड वाकडं?" काकूंनी विचारलं.

"हसताना एकाच बाजूनं हसू येईल. कदाचित काही महिने, कदाचित कायमचं." मग त्या काकांकडे वळल्या. "यांचा मोकळं हसतानाचा एक फोटो आणा. नंतर व्यायाम करून घेताना, किंवा पुढे आणखी काही करायची वेळ आली तर, मूळ हसू कसं होतं ते आम्हाला दिसायला हवं. इथे काढून उपयोग नाही. दवाखान्यात हसा म्हटलं की माणसं नुसते दात दाखवतात."

"फोटोंना काय तोटा," काका म्हणाले. "जन्म त्यातच गेला."

घरी येऊन त्यांनी कपाटावरचे डबे खाली काढले. काकू समुद्रावर, काकू डोंगरावर, काकू तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन. सगळीकडे हनुवटी बेताची वर, खांदे खाली, श्वास धरलेला. समुद्राचा वारा केस उडवतोय आणि बाई मात्र सरकारी कामाला आल्यासारखी उभी. त्यातल्या कुठल्याही फोटोवर तिला परदेशी जायचा परवाना मिळाला असता. हसरा एकही नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. काका डब्यांच्या मधोमध बसून राहिले. त्यांना लाज वाटली, आणि मग भीती वाटली. शस्त्रक्रिया येत्या सोमवारीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेहऱ्यांसाठीची मोठी लेन्स लावली. घरात तिला तोफ म्हणत. काका लांब उभे राहिले आणि ठेवणीतला विनोद सांगायला लागले. तोफ रोखली जाताच काकूंची हनुवटी आपोआप वर गेली.

"अगं, हस की."

"आधी फोटो काढा, मग हसते."

काकांनी कॅमेरा खाली घेतला आणि काकू खो खो हसल्या. पुन्हा वर घेतला, पुन्हा परवाना. फोनने चोरून काढावा म्हटलं तर तो खिशातून निघताच तिला वास लागायचा. काढू नये म्हणून ती काही हट्ट करत नव्हती. तिच्या मानेलाच तसं वळण पडलं होतं, त्याला ती तरी काय करणार?

संध्याकाळी लांबच्या गावी असलेल्या लेकीचा फोन आला. काका दार ओढून घेऊन बोलायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मी पाठवलेली लेन्स कुठंय?"

"शिवणाच्या डब्यात. एवढीशी काच काय दिवे लावणार?"

"तुमचा खांदा दुखतो म्हणून पाठवली होती ना? पॅनकेक लेन्स म्हणतात तिला. चपटी असते, वजन नाही. लावल्यावर कॅमेरा कोटाच्या खिशात जातो. आणि समोरच्याला कुणी रोखून बघतंय असं वाटत नाही. लोक विसरून जातात."

"झूम?"

"झूम नाही. चेहरा मोठा हवा असेल तर तुम्हीच पुढे जायचं."

"मग फायदा काय झाला?"

"तोच फायदा," लेक म्हणाली. "आयुष्यभर लांबून बघितलंत आईला."

पोरगी बोलून गेली ते काकांना लागलं. पण ती चुकीचं बोलली असंही त्यांना म्हणता येईना. त्यांनी शिवणाच्या डब्यातून दोऱ्यांची रिळं बाजूला सारून लेन्स काढली. चांगल्या कोटाच्या मोठ्या बटणाएवढी होती. कॅमेऱ्यावर बसवली तर काही बसवलंय असं वाटेना.

रविवारी सकाळी ते काकूंना घेऊन नदीवर गेले. पलीकडे जाणारी होडी होती, पण धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ कुणीतरी पुसून टाकल्यासारखा झाला होता. नावाडी धक्क्यावर बसून म्हणाला, "दिसल्याशिवाय सोडणार नाही बघा. बसा निवांत." मग त्याने डोक्यावरून शाल घेतली आणि तो धुक्याहून गडद असा एक ढीग होऊन गेला. पाणी दिसत नव्हतं, नुसतं फळ्यांखाली हळू बोलत होतं. काकांना वाटलं, आपल्या स्टुडिओतला पांढरा पडदा कुणीतरी जगभर ओढून घेतलाय आणि आता त्याच्यापुढे आपण दोघंच आहोत. काय काम होतं, कुठे जायचं होतं, सगळं त्या पांढऱ्यात विरघळून गेलं. सोमवारसुद्धा विरघळला.

काकांनी खिशातून कॅमेरा काढून गळ्यात अडकवला. काकूंनी डोळे बारीक करून बघितलं.

"हे कशाला आणलंत?"

"असू दे."

"झाकण आहे ना त्याच्यावर?"

स्टुडिओत रोज संध्याकाळी तोफ काढून ठेवायची आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर काळं झाकण बसवायचं, हे काकूंचं काम. झाकण बसलं की दिवस संपला. चष्मा नव्हता, धुकं होतं, आणि समोर होती एक काळी चपटी चकती.

काका काहीच बोलले नाहीत. काकूंनी ते हो धरलं आणि मान सैल सोडली.

धक्क्याच्या टोकाला एका खांबावर बगळा उभा होता. मान ताणलेली, चोच वर, हलत नव्हता.

"बघ, तुझं गिऱ्हाईक," काका म्हणाले. "श्वास धरून बसलंय."

काकू दोन पावलं पुढे गेल्या आणि अगदी कामावरच्या आवाजात म्हणाल्या, "हनुवटी एवढी वर नको हो."

बगळ्याने मान खाली घेतली.

काकू हसल्या. आधी डाव्या गालात, मग तिथून सगळीकडे. काका चालायला लागले. झूम नव्हता, म्हणून चालायला लागले. एरवी ते जिथे थांबायचे ती जागा मागे पडली, आणि त्यांना पहिल्यांदाच काकूंच्या पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब दिसले, डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती दिसली, जी हसताना मिटायची आणि पुन्हा उघडायची. एवढी सुंदर बाई आपल्या घरात राहते, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी बटण दाबलं.

"काय वाजलं?" काकूंनी विचारलं.

"कोटाचं बटण."

"शिवून देते घरी गेल्यावर," काकू म्हणाल्या, आणि अजून हसतच होत्या.

होडी त्या सकाळी सुटलीच नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, पण नस पुरती वाचली नाही. डॉक्टरीणबाईंनी ते सरळ सांगितलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. पट्ट्या सुटल्यावर काकू व्यायामाच्या खोलीत आरशासमोर बसायला लागल्या. गाल फुगवा, ओठ मुडपा, डोळा मिटा. उजवी बाजू मुकाट्याने ऐकायची. डावी पाहुण्यासारखी बसून राहायची.

एक दिवस व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आरशाशेजारी तो फोटो लावला. काकू तेव्हा चष्मा लावायला लागल्या होत्या. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कुठलं?"

"नदीवरचं," काका म्हणाले.

"झाकण होतं ना?"

"ते झाकण नव्हतं."

काका बोलणी खायच्या तयारीत उभे राहिले. काकूंनी बोट उचललं आणि फोटोतल्या डाव्या गालावर ठेवलं.

"इथून सुरू व्हायचं होय," त्या म्हणाल्या. शब्द अजून थोडे ओघळत होते. "मला काय माहीत. हसताना मी कुठे बघितलंय मला." मग जरा थांबून, "बरी हसायची की मी."

 काकांनी उगाच खिडकीचा पडदा सारखा केला.

काकू पुन्हा स्टुडिओत यायला लागल्या. सुरुवातीला लोक त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि नजर चोरायचे. काकू त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून आपल्याकडे वळवायच्या. "इकडे बघा. खांदे खाली. श्वास धरा." थोड्या दिवसांत गल्लीला सवय झाली. नकला मात्र बंद पडल्या होत्या. गिऱ्हाईक गेलं की काकू गप्प बसायच्या, आणि हसू आलंच तर तोंडावर पदर घ्यायच्या. काकांना ते बघवत नसे, पण सांगणार काय आणि कुठल्या तोंडाने?

एका संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. काकांनी कॅमेऱ्यावरून तोफ उतरवून गादीवर ठेवली. काकू झाकण घेऊन येतील म्हणून ते थांबले. पण काकू आल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून ठेवला, पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसल्या आणि पदर मांडीवर घेतला.

काकांचा हात सवयीने तोफेकडे गेला.

"ती नको," काकू म्हणाल्या. "झाकण लावून काढा."

काकांनी कोटाच्या खिशातून ती चपटी लेन्स काढली आणि बसवली. खटका दोनदा चुकला.

"किती वेळ लावताय? बगळा उडून गेला असता एव्हाना."

आणि काकू हसल्या. उजवा गाल वर गेला. डावा जागच्या जागी राहिला, फक्त तिथली सुरकुती थोडी हलली, किंवा हललीशी काकांना वाटली. ती नीट दिसावी म्हणून ते पुढे गेले. आणखी पुढे गेले. काकूंची हनुवटी वर गेली नव्हती आणि त्यांनी श्वासही धरला नव्हता. काका इतके जवळ पोचले की त्या श्वासाने काचेवर धुकं धरलं. ते विरायची वाट बघत काका तिथेच उभे राहिले.