तेलाच्या दारी समई

देवासच्या डेपोत शिरणाऱ्या माणसाला फाटकाशी आपले खिसे उलटे करावे लागतात. मोबाईल, विडी, लायटर, काडेपेटी, सगळं एका लाकडी पेटीत. प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी. आत पेट्रोल आहे, पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही आणि तिला एक ठिणगी पुरते. कंपनीत एवढी एकच गोष्ट खरी. बाकी सगळं रंगकाम.

रंगकाम मात्र अतोनात. कठडा न धरता जिना चढलात तर इंदूरच्या विभागीय ऑफिसातून ईमेल. मीटिंगआधी सुरक्षेची शपथ, पोहे-जलेबीआधी शपथ. साहेबांच्या वाढदिवसाला केकवर बॅटरीची मेणबत्ती. साहेबांनी फुंकर मारली की टेबलाआडून कुणीतरी बटण दाबायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. शिकलीसवरली, घरी मुलंबाळं असलेली माणसं हे करत. ती शपथ वाचून दाखवायचं काम प्रमोदिनी शितोळेचं. ती डेपोची सेफ्टी ऑफिसर.

कृष्णाजींचं प्रकरण तिच्याच हाताखालून गेलं होतं. कृष्णाजी धारचे. त्यांचे आजे-पणजे दरबारच्या पागेत घोडे सांभाळत. हे टँकर सांभाळत, आणि तितक्याच मायेने. सोनकच्छ, टोंकखुर्द, नालछा, सगळ्या पंपांवर त्यांचा भोंगा ओळखीचा. दर मंगळवारी टेकडीवर देवीला दिवा लावायचा आणि मग डेपोत यायचं, हा नेम. एका मंगळवारी काडेपेटी खिशातच राहिली आणि फाटकावर सापडली. प्रमोदिनीने रिपोर्टात ‘समज द्यावी’ असं लिहिलं. डेपोचे प्रमुख विक्रमसिंह यांनी प्रवेशाचं कार्डच बंद केलं. नाव गेलं काळ्या यादीत, आणि ती यादी जाते सगळ्या डेपोंत. म्हणजे कंपनीचा टँकर आता त्यांना कुठेच मिळायचा नाही.

तेव्हापासून कृष्णाजी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसत. टँकर आत जाताना बघत. प्रमोदिनी एकदा मुद्दाम तिकडे गेली.

“घरी बसा ना कृष्णाजी. उन्हात कशाला?”

“घरी कुठं बसू ताई? घरवाली सुभद्रा दळण निवडत बसते आणि माझ्यावर ओव्या रचते. ऐकता?” आणि त्यांनी हसत हसत, पण डोळे फाटकावरच ठेवून, म्हणून दाखवलं:

‘तेलाच्या राजाच्या दारी दिव्याला गं बंदी,
काडीपायी धनी गेला, साहेबाची चांदी.’

“नियम बरोबर आहे ताई,” ते म्हणाले. “चूक माझीच. पर चुकीला दोन थपडा मारा की. एकदम हात कापून काय घेता?”

तिने विक्रमसिंहांकडे दोनदा शब्द टाकला होता. ते दोन्ही वेळा फोनवर होते.

तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच तिला बोलावलं. टेबलावर लाल मखमलीत एक पितळी समई होती, कंबरेइतकी उंच.

“मुंबईहून डायरेक्टरसाहेब येतायत, नव्या टाकीच्या उद्घाटनाला. मागल्या वेळच्या बॅटरीच्या समईचे फोटो पाहून त्यांच्या मिसेसनी विचारलं, ही समई खेळण्यांच्या दुकानातली का? लाज गेली आपली. म्हणून ही आणली. आमच्या धारच्या देवघरातली, थोरल्या आईसाहेबांची.”

“सर, आत ज्योत लावता येणार नाही.”

“वेल्डिंगला परमिट काढतोच की आपण. तसंच एक काढा. कामाचं स्वरूप, दीपप्रज्वलन.”

“आणि कृष्णाजी?”

“कोण कृष्णाजी?”

तिने सांगितलं.

“अहो, त्याच्या खिशात काडेपेटी होती.”

“तुमच्या टेबलावर समई आहे.”

विक्रमसिंहांनी मखमल हळुवार सारखी केली. “प्रमोदिनीबाई, तुमचे आजोबा आमच्या आजोबांबरोबर शिकारीला जायचे, म्हणून ऐकून घेतोय. त्याची काडी आणि आपली काडी एक नव्हे. आपली परंपरा आहे.”

तिने सही केली नाही. सही इंदूरहून आली, ज्याने हा डेपो फक्त नकाशात पाहिला होता त्याची. तिच्या हट्टाने एवढंच झालं की त्या सकाळी टँकर भरणं बंद राहिलं. बाहेर रस्त्यावर टँकरांची रांग लागली, पाण्यावर न सोडलेल्या गुरांसारखी मुकाट.

कार्यक्रम फाटकालगतच्या हिरवळीवर होता. डायरेक्टरसाहेब हेल्मेट घालून उभे राहिले. डोक्यावर पडण्यासारखं आभाळाखेरीज काही नव्हतं. विक्रमसिंहांनी समईत तेल ओतलं, वाती सारख्या केल्या आणि हात पुढे केला. हातात काही पडेना.

काडेपेटी कुणाकडेच नव्हती. सजावटवाल्याचा लायटर फाटकावर जमा झाला होता आणि त्याचा माणूस तो घेऊन केव्हाच नाश्त्याला गेला होता. खुद्द विक्रमसिंहांनी खिशात काडी ठेवायचं धाडस केलं नव्हतं. परंपरा त्यांची, पण खिसा दुसऱ्याचा असावा. ते गार्डच्या कानाशी लागले. गार्ड पळत गेला आणि पळत परत आला. पेटीत सापडलेली एकच काडेपेटी त्याने आणली. दोऱ्याला चिठ्ठी लोंबत होती, कृष्णाजी, टँकर.

प्रमोदिनीने चिठ्ठी वाचली. विक्रमसिंहांनीही वाचली असेल. अंगठ्याने झाकली मात्र चपळाईने. समई पेटली. फोटो झाले. पेट्रोलची वाफ त्या दिवशी नेमकी दुसऱ्या वाऱ्याने गेली असावी.

“आता सुरक्षेची शपथ,” विक्रमसिंह म्हणाले आणि काडेपेटी बेफिकिरीने समईशेजारी टाकली.

प्रमोदिनी पुढे झाली. तिच्या घरी दिवा फुंकत नाहीत, फुलाने निरोप देतात. तिने गुच्छातलं झेंडूचं फूल काढलं आणि एकेका वातीवर ठेवत, सावकाश, सगळ्या ज्योतींना निरोप दिला. मग काडेपेटी उचलली.

“सर, ही फाटकावर जप्त झालेली आहे,” ती डायरेक्टरसाहेबांना म्हणाली. “ज्यांच्या खिशात होती त्यांचं कार्ड सगळ्या डेपोंत बंद आहे. आज ती आत मागवली विक्रमसिंह सरांनी. नियम एकच आहे, तेव्हा त्यांचंही कार्ड मला घ्यावं लागेल.”

तिने हात पसरला.

विक्रमसिंहांचा हात छातीवरच्या कार्डाकडे गेला आणि तिथेच थांबला. “सर, ही पूजेची काडी आहे. पूजेची काडी नियमात येत नाही.”

“कृष्णाजींचीही पूजेचीच होती. टेकडीवरची.”

विक्रमसिंहांनी डायरेक्टरसाहेबांकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि पुन्हा डायरेक्टरसाहेबांकडे. “म्हणजे, तसं पाहता, तीही परंपराच म्हणायची.”

“तो वापस ले लो ना भई उस ड्राइवर को,” डायरेक्टरसाहेब हेल्मेट काढत म्हणाले. “खाना ठंडा हो रहा है.” सगळी मंडळी वरच्या मजल्यावरच्या दाल-बाफल्यांकडे वळली. कठडा धरून, एकेक पायरी.

प्रमोदिनीने जेवणाआधी कृष्णाजींचं कार्ड चालू करून घेतलं, साहेबांची भूक भागायच्या आत. रस्ता ओलांडून टपरीपर्यंत जाताना तिला आनंद झाला नाही. या कंपनीत एक गोष्ट खरी होती, तिला आज भोक पडलं होतं आणि टोचा तिच्याही हातात होता. उद्या कुणीही उदबत्ती घेऊन येईल आणि परंपरा म्हणेल.

कृष्णाजी ऐकत उभे राहिले. खांद्यावरचा पंचा त्यांनी दोनदा झटकला. तिने काडेपेटी पुढे केली. “घ्या. साहेब म्हणतात, पूजेची काडी चालते.”

“साहेबांना चालते. पेट्रोलला कुणी सांगितलंय का ताई?”

फाटकाशी येऊन त्यांनी ती चिठ्ठीसकट पेटीत टाकली. शर्टाचे खिसे उलटे केले, पँटचे केले, पंचा उलगडून धरला आणि गार्डसमोर हात पसरून उभे राहिले. गार्ड ओशाळून नुसताच जा म्हणाला.

“नीट बघ भिया,” कृष्णाजी म्हणाले. “मागल्या वेळी तूच पकडलं होतंस ना.”