मिगचा डोळा

"ए बन्सी, नाक सोड! नाकाला नको लावू!"

गेटवरची खुर्ची मागे सारून पुंजाराम धावत आला, तेव्हा बन्सी पेंटर शिडीच्या लाकडी घोड्यावर चढून चंदेरी रंगात ब्रश बुडवत होता. समोर चौथऱ्यावर मिग उभं होतं. हवाई दलातून निवृत्त झालेलं हे लढाऊ विमान संस्थाचालक तात्यासाहेबांनी बऱ्याच खटपटी करून आपल्या कॉलेजच्या आवारात आणलं होतं. उद्या प्रजासत्ताक दिनी त्याचं उद्घाटन होतं. बीड बायपासवर कॉलेजं चिक्कार, पण विमान कुणाकडेच नव्हतं, आणि तात्यासाहेबांना तेवढं पुरेसं होतं.

"काहून?" बन्सी म्हणाला. "विश्वजीतदादा बोलले, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत चांदी."

"अंग रंगव की, कोण नको म्हणतंय? पण हा हिरवा सुळका दिसतो का, तोंडातून म्होरं आलेला? यात रडार असतं. विमानाचा डोळा हाय तो. चांदीच्या रंगात ॲल्युमिनियमची भुकटी असते. डोळ्यावर पत्रा ठोकल्यावानी होतंय."

"आत हाय का आता रडार?"

"नाय. काढून घेतलं त्यांनी."

"मग काका, रिकाम्या डब्याला झाकण असलं काय अन् नसलं काय!"

वीस वर्षं पुंजारामनं हवाई दलात रडारचं काम केलं होतं. सुळका उतरवायचा, आतलं यंत्र काढायचं, टेबलावर तपासायचं, परत बसवायचं. उडणारे वेगळे, फोटो त्यांचेच छापून यायचे. एकदा एका पायलटनं खाली उतरल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारली होती, "आज सगळं दिसलं, पुंजाराम." ती थाप त्यानं पदकासारखी जपली होती. निवृत्तीनंतर तो पिशोरहून शहरात आला आणि या गेटवर लागला.

तेवढ्यात विश्वजीत आला. तात्यासाहेबांचा पुतण्या, कॉलेजचा सगळा कारभार त्याच्याच हातात.

"दादा, फक्त नाक राहू द्या," पुंजाराम म्हणाला.

"उद्या पाहुण्यांना हिरवं नाक दाखवू? सर्दी झाल्यासारखं दिसतंय ते!" स्वतःच्याच विनोदावर विश्वजीत मनसोक्त हसला. "फौजी, तुम्ही गेट सांभाळा. विमान आम्ही सांभाळतो."

पुंजाराम गेटवर परत गेला. गेट उघडायला उशीर झाला म्हणून आधीच्या वॉचमनला याच विश्वजीतनं उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं. पुंजारामची मुलगी ज्ञानेश्वरी याच कॉलेजात शिकत होती, तीही त्याच्या नोकरीच्या आधारानं. विश्वजीतची गाडी निघाली तेव्हा त्यानं गेट झटकन उघडलं, सलामही ठोकला. मागे बन्सीनं नाक रंगवायला घेतलं.

दुपारी मंजुळाबाई डबा घेऊन आली. नवऱ्यानं भाकरी मोडली, पण घास काही उचलला नाही.

"काय झालं?"

"काय नाय. त्या नाकाला रंग दिला."

"मग?"

मग त्यानं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या कामाबद्दल तो बायकोशी पहिल्यांदाच बोलत होता. "विमानातून खाली बघितलं की जमीनच जमीन. दगड, झाडं, घरं. त्यात खालून उडणारं दुश्मनाचं विमान कसं वळखायचं? हे रडार लहरी फेकतं. थांबलेल्या वस्तूवरून लहर येती ती वेगळी, पळत्या वस्तूवरून येती ती वेगळी. थांबलेलं सगळं गाळून टाकायचं अन् पळतं तेवढंच दाखवायचं."

मंजुळाबाईचं माहेर मेंढरांमागे फिरणारं. ती म्हणाली, "म्हंजी माळावरच्या मेंढरांवानी. दिवस बुडताना दगड कोणता अन् मेंढरू कोणतं, कळत नाय. हललं की कळतं."

"व्हय, अगदी तसंच!"

"एवढं सोपं होतं, तर कधी सांगितलं काहून नाय?"

"सांगायची बंदी होती."

"अन् मी सगळ्या भावकीला सांगत बसले, विमानात डिझेल भरतात म्हणून!"

पुंजाराम हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. आपली उभी हयात डिझेलच्या नावावर गेली याचं त्याला वाईट वाटलं, आणि बायकोला एका वाक्यात सगळं समजलं याचं फार बरं वाटलं.

मंजुळाबाई विमानाकडे बघत होती. "आंधळं केलं म्हणा की याला."

"आत काय नाय आता. बन्सी म्हणतो ते खरं हाय."

"आपल्या बिरोबाच्या दगडात तरी काय असतं? तरी डोळे बसवतोच की आपण."

ती उठली. सावलीत जेवणाऱ्या बन्सीपाशी जाऊन म्हणाली, "भाऊ, हा रंग कशानं निघतो?"

बन्सीनं एकदा तिच्याकडे, एकदा पुंजारामकडे पाहिलं. "वला हाय तवर थिनरनं. पण भाभी, मेरा नाम नक्को लेना." पायानंच थिनरचा डबा आणि फडकं तिच्याकडे सरकवून तो पाठ करून आडवा झाला.

पुंजाराम घोड्यावर चढला. मंजुळाबाईनं खालून घोडा धरला. शेंड्याकडून मागे, एकाच दिशेनं, शिकवलं होतं तसं तो पुसू लागला. चांदी फडक्यावर येत गेली आणि खालून हिरवा रंग दिसायला लागला. निम्मं नाक मोकळं झालं असेल, तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला.

विश्वजीतची गाडी. सवयीनं पुंजारामचा पाय एक पायरी खाली आला.

"तुम्ही करा," मंजुळाबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती गेटकडे निघाली. घोडा धरायला बन्सी कधी उठून आला, ते पुंजारामला कळलंही नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. मग आरोळी आली, "फौजी कुठं मेलाय? गेट उघडा!"

मंजुळाबाईनं कडीवर हात ठेवला, पण कडी काढली नाही.

"जरा दम धरा, दादा," ती गजांआडून म्हणाली. "आमचे मालक ड्युटीवर हायेत."

घोड्यावर पुंजारामनं ते ऐकलं. खाली आलेला पाय त्यानं पुन्हा वर घेतला आणि फडकं थिनरमध्ये बुडवलं.