घाटात सापडलेली धाकटी बहीण

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि जुनी म्हणवून घ्यायला मला मुळीच संकोच वाटत नाही. सत्तावन्न वर्षांपूर्वी जपानमधल्या नागोयाजवळच्या एका कारखान्यातून मी बाहेर पडले. साईच्या रंगाचं अंग, दोन गोल दिवे आणि घंटेसारखा खणखणीत आवाज!

नागानोच्या डोंगरातले गुरांचे डॉक्टर मोरिओ कुराबायाशी यांनी मला घेतलं. बर्फ असो, चिखल असो, गाय अडली की आम्ही निघालोच. माझ्या मागच्या सीटवर एकदा तापाने फणफणलेली शेळीसुद्धा बसून गेली. डॉक्टरांची मुलगी मिझुहो जन्मल्यावर दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली तीही माझ्यातच.

डॉक्टर निवृत्त झाले आणि माझं काम संपलं. मग ते मला रोज पुसू लागले. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक माझे फोटो काढत. मीही तोऱ्यात उभी राहत असे.

गेल्या शरदात मिझुहोने निळी, बुटकी, नवीकोरी स्पोर्ट्स कार आणली.

"ही गाडी आहे की इस्त्री?" डॉक्टर म्हणाले. "आत शिरायला रांगावं लागतं!"

"आणि तुमची? चाकं लावलेला न्हाणीचा टब!" मिझुहो हसली. "बाबा, ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललंत?"

"पुढच्या महिन्यात तपासणी आहेच. तेव्हा बघू. आरशासारखी चमकतेय, दिसत नाही का?"

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मेळाव्याला निघालो, डॉक्टर माझ्यात आणि मिझुहो निळीत. चढावर निळी केव्हाच दिसेनाशी झाली. खरं सांगते, ती माझ्यापेक्षा वेगवान होती, वळणावर पक्की होती. घाटमाथ्यावर ती आमच्यासाठी थांबली, आणि उताराला पुन्हा पुढे लागली.

अर्ध्या उतारावर डॉक्टरांनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय थेट तळाला गेला. उतारभर ब्रेक दाबून दाबून माझं जुनं ब्रेकचं तेल उकळलं होतं. त्यांनी खालचा गियर टाकून पाहिला, तो बसेना. हातब्रेक ओढला, नुसता जळका वास आला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. डॉक्टरांनी भोंगा दाबला तो सोडलाच नाही.

पुढे मिझुहोने आरशात पाहिलं. पळून जाणं तिला सोपं होतं. तिने वेग कमी केला. निळी हळूहळू माझ्यासमोर आली आणि तिने आपली नवीकोरी पाठ माझ्या नाकाला लावली. पत्रा कर्रकन वाजला. माझं सगळं वजन पाठीवर घेऊन ती ब्रेक दाबत राहिली. एक वळण, दुसरं वळण... आणि आम्ही दोघी थांबलो.

डॉक्टर उतरले. "तुझी गाडी चेपली गं."

"चेपू दे! बाबा, तुम्ही ठीक आहात ना?" एवढं बोलून ती रस्त्यातच रडायला लागली.

डॉक्टर त्या निळ्या गाडीचे आभार मानत तिच्यापुढे कंबरेत वाकले, खूप वेळ. मग जन्मात पहिल्यांदा तिच्यात रांगत शिरले.

मला ओढून गॅरेजात नेलं. तिथल्या इसोबेबाईंनी माझं ब्रेकचं तेल भांड्यात काढलं. "हे तेल की सोया सॉस? डॉक्टर, आजारी गाईला नुसतं पुसत बसला असतात का हो तुम्ही?"

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या आणि ते दिवा धरून इसोबेबाईंच्या शेजारी बसले. माझी चारही चाकं त्या दिवशी उघडली गेली, ब्रेक दुरुस्त झाले. पुढच्या आठवड्यात आम्ही तोच घाट उतरलो, निळी पुढे आणि मी मागे.

मित्रांनो, आम्हा जुन्यांचं कौतुक जरूर करा, ते आम्हाला आवडतं. पण कधी गुडघे टेकून आमच्या खालीही डोकावा. दुखतंय ते तिथे असतं. आणि नव्यांना नावं ठेवू नका. माझी धाकटी बहीण मला उतारावर भेटली. मी कुठवर धावले याचा मला अभिमान आहेच. पण आता हव्या त्या जागी मला थांबता येतं, याचा त्याहून जास्त आहे.