टोपीतलं तेल आणि अखंडबाबांची चिमूट

शनिवारी संध्याकाळी भोंगा वाजला की कारखान्यातले पुरुष घरी जायच्या ऐवजी कँटीनकडे वळायला लागले. खुर्च्या भिंतीला सरकवलेल्या, मधे सतरंजी आणि सतरंजीवर अखंडबाबा. अंगाने भरलेले, हात गुळगुळीत, आवाज इतका गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. दाराला आतून कडी. साहेबांनी परवानगी दिली होती ती ‘मनःशांती वर्ग’ या नावाखाली, त्यामुळे बायका फाटकाबाहेर कौतुकाने थांबायच्या.

“बाजारातल्या गोळीची शक्ती किती? सिनेमा संपेपर्यंत!” बाबा म्हणायचे आणि खसखस पिकायची. “माझी चिमूट आज घ्या. उद्याचा सूर्य उगवेल, मावळेल, परवाचा उगवेल, तरी शक्ती जागच्या जागी. अखंड! आहे कोणाच्या औषधात ही धमक?”

मग एखादा केस पिकलेला कामगार उठायचा. “बाबा, घरात किती वर्षांनी हसू आलं,” असं म्हणून डोळे पुसायचा. बाकीचे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसायचे आणि नंतर सगळ्यात आधी रांगेत तेच लागायचे. चिमूट जिभेवर पडली की बाबा प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायचे.

“पथ्य एकच. डॉक्टरला कळता कामा नये. डॉक्टर विचारेल, ‘काही घेतलंस का?’ नाही म्हणायचं. छातीत कळ आली तरी नाही. जीव कंठाशी आला तरी नाही. बोललास तर शक्ती उलटेल आणि तुलाच खाईल.”

या कारखान्याची डॉक्टर मी. एक तर डॉक्टर, त्यात बाई, म्हणजे त्या कडीच्या आत मला दुप्पट बंदी. आत काय चालायचं ते मला पुढे कळलं, आणि ज्या पद्धतीने कळलं ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आमच्याकडे सुरुंगाची दारू बनते. तिच्यात जे जहाल द्रव्य असतं त्याला सगळे नुसतं ‘तेल’ म्हणतात. तेल धक्क्याने फुटतं, हे बाहेरच्यांनाही माहीत असतं. ते कातडीतून रक्तात शिरतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं, हे आतल्यांना डोक्यावर भोगून कळतं. नव्या माणसाचं डोकं पहिल्या आठवड्यात फुटायला येतं. मग शरीराला सवय होते. पण एक दिवसाची सुट्टी झाली की सवय मोडते आणि कामावर परतल्यावर डोकं पुन्हा ठणकतं. त्यावर कामगारांनी स्वतःच इलाज काढला होता. टोपीच्या आतल्या पट्टीला तेलाचं बोट पुसायचं आणि सुट्टीभर ती टोपी घरात घालून बसायचं. जेवताना टोपी, झोपताना टोपी. मी ओरडायचे, टोप्या जप्त करायचे. ते “हो बाई” म्हणायचे आणि दुसरी टोपी काढायचे.

सुट्टीनंतर छातीत दुखणारेही असायचे. शरीर तेलाला सोकावतं आणि तेल बंद झालं की हृदयाच्या वाहिन्या आखडतात. त्यासाठी दवाखान्यात जिभेखाली ठेवायची गोळी असे. तीही त्याच तेलाची, फक्त औषधाच्या मापात. सुट्टीनंतर कोणी छाती धरून आला की गोळी जिभेखाली, ही आमची ठरलेली रीत होती.

तर बाबा आले आणि दर सोमवारी माणसं कोसळायला लागली. हा भरणी विभागात, तो धुलाईच्या हौदापाशी. चेहरा लाल, नाक चोंदलेलं, पाठ दुखतेय म्हणायचे आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. “काही घेतलंस का?” “नाही बाई.” सगळ्यांचं उत्तर एकच, आणि तेही माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. मी पंखे तपासायला लावले, हवा तपासायला लावली. साहेब म्हणाले, “कामचुकार आहेत.” साहेबांचं स्वतःचं नाकही त्या दिवशी चोंदलेलं होतं.

मग पेटीवाला गेला. लाकडी खोकी ठोकणारा, थट्टेखोर माणूस. सुट्टीच्या दिवशी घरीच छातीत दुखलं, बायकोने शहरातल्या इस्पितळात नेलं आणि तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात तो गेला. पुढच्या शनिवारी बाबांनी डोळे मिटून सांगितलं, “त्याने पथ्य मोडलं. डॉक्टरला सांगितलं. शक्तीने त्याला खाल्लं.”

लोक घाबरले. आता वाटेल, वर्ग ओस पडला असेल. छे! गर्दी वाढली. चिमूट बंद केली तरी शक्ती उलटेल, अशी पुडी बाबांनी सोडली होती. आधी माणसं हौसेने जायची, आता पाचावर धारण बसून जायला लागली.

तेल जिथे तयार होतं त्या कोठीत थंडोबा बसायचा. त्याचा राग कधी कोणी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव आणि म्हणूनच ते काम. काचेतून तेलाच्या तापमानाचा पारा बघायचा, तो चढू लागला की तोटी आवळायची, एवढंच. पण डुलकी लागली तर अख्खी टेकडी उडेल. म्हणून कोठीतल्या स्टुलाला पाय एकच. बसणाऱ्याने तोल सांभाळायचा, पेंगला की पडायचा आणि पडला की जागा व्हायचा. थंडोबा त्यावर इतकी वर्षं बसला, कधी पडला नव्हता. त्याची बायको माझ्याच दवाखान्यात सिस्टर होती.

एका सोमवारी सकाळी थंडोबा स्टुलावरून पडला आणि जागा झाला नाही.

कोठीतल्या दुसऱ्या जोडीदाराने तोटी आवळली म्हणून मी हे लिहायला उरले आहे. थंडोबाला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा तो अर्धवट शुद्धीवर आला होता. डोक्यावर टोपी तशीच. “छातीवर कोणीतरी बसलंय,” तो पुटपुटला.

मी त्याच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला आणि मागे न बघता हात पुढे केला. “सिस्टर, गोळी.”

गोळी आली नाही. वळून पाहिलं तर सिस्टर बाटली मुठीत आवळून उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

“सिस्टर!”

“नको बाई.”

“अहो, नको काय? नवरा आहे तुमचा!”

“म्हणूनच नको. पेटीवाल्याला पण हीच दिली होती. त्याची बायको मला म्हणाली. गोळी जिभेखाली ठेवली आणि माणूस विझला.”

खाटेवरून थंडोबाने मान हलवली. “बोलू नकोस. बोललीस तर मी मेलो.”

बाहेर व्हरांड्यात माणसं गोळा झाली होती. खिडकीच्या गजांना टोप्याच टोप्या लागलेल्या, आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. त्यातल्या प्रत्येकाला कळलेलं होतं, एक मी सोडून.

सिस्टर रडायला लागली. “अहो, मेलात तर मी कोणाशी भांडू?” ती नवऱ्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “बाई, अखंडबाबांची चिमूट घेतात हे. दर शनिवारी. ताकदीची. तुम्हाला कळतंय ना कसल्या ताकदीची? दोन दिवस उतरत नाही.”

प्रेशरच्या यंत्रावरचा आकडा मी त्याच क्षणी पाहिला. प्रेशर तळाला गेलं होतं. ती गोळी मी त्याच्या जिभेखाली ठेवली असती तर सिस्टरला मीच विधवा केलं असतं.

मग हात चालू लागले. टोपी काढून फेकली, डोकं साबणाने धुतलं, पाय उंच केले, सलाईन लावलं, हृदयाचा आलेख काढला. दुखणं कमी करायला दुसरी औषधं होती, ती दिली. दुपारनंतर त्याचं प्रेशर सावरलं. तरी मी त्याला दोन दिवस खाटेवरून उठू दिलं नाही. सिस्टरने त्याच्या खिशातली पुडी माझ्या हातावर ठेवली. ती मी शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली आणि पुढच्या शनिवारी, पोलिसांना वर्दी देऊन, कँटीनची कडी वाजवली. सोबत थंडोबा होता.

त्याला पाहून कोणीतरी कडी काढली. बाबा गरजले, “डॉक्टरची सावली पडली! सगळ्यांची शक्ती उलटेल!”

“माझ्या बायकोने बाईंना सगळं सांगून टाकलं,” थंडोबा नेहमीच्या थंड आवाजात म्हणाला. “शक्ती उलटली नाही. मी जिवंत आहे, भूकही लागते.”

कोणीतरी हसलं आणि घाबरून गप्प झालं. मी प्रयोगशाळेचा कागद काढला. “यात जडीबुटी नाही. मैदा आहे, रंग आहे आणि दुकानात चिठ्ठीवर मिळणारं एक औषध आहे, कमी-जास्त कसंही टाकलेलं. तेच, लिंगाच्या ताठरतेचं. लाजू नका, मी डॉक्टर आहे. इच्छा झाली की शरीर रक्तवाहिन्यांना निरोप देतं, सैल व्हा, रक्त येऊ द्या. काम झालं की एक रसायन तो निरोप पुसतं. हे औषध त्या पुसणाऱ्याचे हात बांधतं. एका जातीचं काही तास बांधतं. यातलं दीड दिवस बांधतं, आणि दोन दिवसांनीही थोडं रक्तात असतंच. बाबांचा अखंड चमत्कार तो हाच. इच्छाच नसेल तर ते काही करत नाही. मंत्राचा संबंध नाही.”

“मग वाईट काय त्यात?” मागून एकाने विचारलं.

“औषध वाईट नाही. हृदय, प्रेशर तपासून, योग्य मापात मी स्वतः लिहून देते. डोकं दुखतं, पाठ दुखते, ते सोसता येतं. अचानक दिसेनासं झालं किंवा ताठरता चार तासांवर टिकली तर तसंच धावत यायचं. पण तुम्ही तेलातली माणसं. तेल तोच निरोप पाठवतं, ढिगाने. इकडे पुसणारा बांधलेला, तिकडे टोपीतून, कातडीतून निरोप येतच राहतात. अंगातल्या सगळ्या वाहिन्या एकदम सैल पडतात, प्रेशर कोसळतं, मेंदूला रक्त मिळत नाही, हृदयाला मिळत नाही. तेलात हात घालणाऱ्याने आणि जिभेखालची गोळी घेणाऱ्याने हे औषध घ्यायचंच नाही. कोणाच्याही हातून नाही.”

बाबांनी डोळे मिटले. “विज्ञानाच्या गप्पा! पेटीवाल्याने पथ्य मोडलं आणि तो गेला. हे कसं खोडाल?”

त्याने तिथे काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. त्या इस्पितळात मी नव्हते. सभेवर पुन्हा भीती पसरताना मला दिसली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी टोप्या घट्ट ओढल्या.

तेवढ्यात दारातून बाईचा आवाज आला. पेटीवाल्याची बायको. नवऱ्याच्या जागी आता तीच खोकी ठोकत होती, केसांत भुसा होता.

“त्यांनी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “डॉक्टर परत परत विचारत होते. काही घेतलंय का, कसली पूड, कसली गोळी? हे नाही म्हणाले. मग मला विचारलं. मला माहीत होतं. मी पण नाही म्हणाले.” तिने बाबांकडे पाहिलं. “पथ्य आम्ही शेवटपर्यंत पाळलं, मेल्या!”

बाबा सतरंजीवरून उठले. दारात हवालदार उभा होता. त्यांना अडवायला मात्र हवालदाराआधी भरणी विभागातले तिघे पुढे झाले.

ती बाई माझ्यापाशी आली. सगळे ऐकत होते. “बाई, खरं सांगा. त्या दिवशी मी हो म्हटलं असतं तर?”

खोटं बोलणं किती सोपं होतं. तिचं दुःख हलकं झालं असतं. पण समोर ती सगळी माणसं बसली होती, कित्येकांच्या रक्तात त्या क्षणीही चिमूट होती आणि घरी त्यांच्याही बायका गप्प होत्या.

मी तिचे दोन्ही हात धरले. “तर ती गोळी दिली नसती. बहुतेक ते वाचले असते. तुम्ही मारलं नाही त्यांना. ज्याने तुमचं तोंड बांधलं त्याने मारलं.”

ती मोठ्याने रडली. तिला रडू दिलं आणि मग मी बाकीच्यांकडे वळले. “डॉक्टरपासून लपवा असं जो सांगतो, त्याच्या हातचं काहीही तोंडात घालू नका. घातलंच असेल तर लाज सोडा, देव-शाप सोडा आणि येऊन सांगा. मी हसणार नाही, रागावणार नाही. दवाखाना उघडा आहे. आज कोणी कोणी घेतली?”

मागच्या भिंतीपाशी बसलेल्या साहेबांनी सगळ्यांत आधी हात वर केला.