खिडकीतला दुसरा दिवा

या, असे शेगडीजवळ सरकून बसा. आमच्या खाणींच्या डोंगरातल्या एका खिडकीची गोष्ट सांगते; देवाचं नाव घेऊन ऐका.

इर्मट्राउटने जन्मभर लाकडी बाहुल्यांचे चेहरे रंगवले. बाहुली बोटाएवढी, डोळा खसखशीएवढा. नाताळाआधी आमच्या खिडक्यांत घरातल्या प्रत्येक मुलामागे एक बाहुली दिवा धरून उभी राहते. मुलगा असेल तर खाणकामगार, मुलगी असेल तर देवदूत. लेक झिल्के पोटुशी होती, आणि सगळे म्हणाले, मुलगाच. इर्मट्राउटने हौसेने बाळ यायच्या आधीच खिडकीत खाणकामगार मांडून टाकला.

झाली मुलगी. तीही दिवस भरायच्या कितीतरी आधी. आता ती शहरातल्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती, श्वास यंत्राच्या हाती.

"खाणकामगार मांडून मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली, व्हीलांड," इर्मट्राउट नवऱ्याला म्हणाली. "तिला वाटलं असेल, या घरात आपल्याला जागाच नाही."

"तिला इथली खिडकी दिसते होय? रंगव देवदूत, म्हणजे झालं."

पण हात ऐकेना. एरवी कोपर टेबलाला टेकून, करंगळीला करंगळीचा आधार देऊन, श्वास सोडता सोडता कुंचला टेकवायचा. पण श्वासच सुटेना. पोर तिकडे श्वासासाठी झगडत असताना आपला सोडायचा कसा? छातीत कोंडलेला तो बोटांत थरथरत उतरे. डोळा गालावर जाई. पुसला, काढला, पुन्हा पुसला. लाकूड मळलं.

"हा देवदूत आहे की धुराडी साफ करणारा?" व्हीलांड म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने प्रार्थनेतलं एक गाणं धरलं, तेही बेसूर.

"इतक्या खालच्या सुरात नाही रे," ती म्हणाली आणि स्वतः गाऊ लागली. ओळ संपली, श्वास संपला, कुंचला टेकला. एक डोळा. दुसरा जरा वरच गेला. तो तिने पुसला नाही.

तिने झिल्केला फोन लावला. "नाव सांग. देवदूताच्या पायाखाली लिहायचंय."

"नको आई. आधी जगू दे तिला."

"ती आहे, झिल्के. आज आहे."

फोनमध्ये पेटीजवळच्या यंत्राचा आवाज. मग झिल्के म्हणाली, "योहाना."

नाव लिहिताना हात पुन्हा थरथरला. तिने थरथरू दिला. त्याच्या हातात उदबत्तीसारखी बारीक मेणबत्ती लावून देवदूत खाणकामगाराशेजारी ठेवला.

काचेची पेटी अजून उघडलेली नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा आमच्या योहानाची आठवण असू द्या.